डंख मारून मधमाशी मरते, मग हा गुण टिकतो कसा? (वागणुकीची उत्क्रांती)

कडुलिंब (धागाकर्ती)

परवा घरच्या गप्पांत एकानं ठामपणे सांगितलं, "माणूस मुळात स्वार्थीच. डार्विननेच सिद्ध केलंय." त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य आलं, "आणि पुरुषांचं म्हणाल तर ते त्यांच्या जनुकातच असतं." मला राग आला, पण त्या क्षणी नीट उत्तर सुचलं नाही. आता शांतपणे मांडते. चुकलं तर दुरुस्त करा.

पहिली गोष्ट म्हणजे डार्विनला स्वार्थाचं कोडं पडलंच नव्हतं, त्याला छळत होता त्याग. कामकरी मधमाश्या आणि मुंग्या सहसा स्वतः प्रजनन करत नाहीत, आयुष्यभर दुसऱ्याची पिल्लं सांभाळतात. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. ती सस्तन प्राण्याच्या कातडीत रुतली की माशीच्या पोटाचा भाग तुटून मागे राहतो आणि माशी मरते. जिला संततीच नाही तिचा गुण पुढच्या पिढीत जाणार कसा? 1859 च्या ग्रंथात डार्विनने ही आपल्या सिद्धांतापुढची मोठी अडचण असल्याचं मान्य केलं. निवड कुटुंबाच्या पातळीवरही होत असणार, असं उत्तरही त्याने दिलं. त्याचं गणित बसायला मात्र एक शतक लागलं.

ते गणित 1964 मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने मांडलं. माझी जनुकं फक्त माझ्यात नसतात, सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी सामाईक असतात, चुलत-मावस भावंडांत एक अष्टमांश. मदत घेणाऱ्याला झालेला फायदा गुणिले नात्याचं प्रमाण, हे मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा जास्त भरलं, तर मदतीची प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या पसरू शकते. जॉन मेनार्ड स्मिथने त्याच वर्षी याला जे नाव दिलं त्याला मराठीत आपण आप्तनिवड म्हणू. दोन सख्खे भाऊ किंवा आठ चुलतभाऊ वाचत असतील तर मी जीव द्यायला तयार आहे, असं जे. बी. एस. हॉल्डेन म्हणायचे असं सांगतात. (हॉल्डेन शेवटची वर्षं भारतात होते. हॅमिल्टनचे लेख आले त्याच वर्षी, 1964 मध्ये, ते भुवनेश्वरला गेले.)

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की इथे मधमाशी काहीही "ठरवत" नाही. हिशेब निवडीचा आहे, माशीचा नाही. "जनुकाचा फायदा" आणि "प्राण्याचा हेतू" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती एकमेकांत कालवली की "माणूस मुळात स्वार्थी" असलं काहीतरी तयार होतं.

वारूळ

धागा आवडला. एक भर घालतो, कारण पाठ्यपुस्तकात हे अर्धवट सांगून सोडून देतात.

मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यात नर निघतो तो अफलित अंड्यातून, म्हणजे त्याला गुणसूत्रांचा एकच संच असतो. त्यामुळे एकाच बापाच्या सख्ख्या बहिणींत जनुकांचं नातं अर्ध्याऐवजी पाऊण होतं. म्हणजे स्वतःच्या मुलीपेक्षा बहीण जवळची! बराच काळ सगळ्यांना वाटलं की कीटकांच्या समाजजीवनाची किल्ली सापडली.

ती किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. बहीण पाऊण, पण भाऊ फक्त पाव. दोघांची सरासरी काढली की पुन्हा अर्ध्यावर येतो. वाळवीत नर-मादी दोघांनाही दुहेरी संच असतात, तरी तिची वारुळं एवढी मोठी. आफ्रिकेत जमिनीखाली राहणाऱ्या, अंगावर केस नसलेल्या 'मोल-रॅट' उंदरांतही एकच राणी पिल्लं घालते आणि बाकीचे राबतात. ते सस्तन आहेत, आपल्यासारखेच दुहेरी संचाचे. आणि मधमाश्यांची राणी एकाच नराशी जुगत नाही, दहा-बारा किंवा त्याहून जास्त नरांशी जुगते. म्हणजे पोळ्यातल्या बऱ्याच "बहिणी" सावत्रच असतात.

या सावत्रपणातून एक सुंदर भाकीत निघतं. कामकरी माशी अफलित अंडं घालू शकते, त्यातून नर होतो. पण बहुतेक बहिणी सावत्र असतील तर सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा कामकरीला जास्त जवळचा. म्हणजे कामकऱ्यांनी एकमेकींना अंडी घालू देता कामा नये. 1989 मध्ये रॅटनिक्स आणि व्हिशर यांनी मधमाश्यांत नेमकं हेच दाखवलं. इतर कामकऱ्यांनी घातलेली अंडी माश्या शोधून खाऊन टाकतात, राणीची बहुतेक ठेवतात.

तिरपा_किरण

माझा आक्षेप मूलभूत आहे. कुठलंही वागणं घ्या आणि त्याच्यासाठी एक गोष्ट रचा. मदत केली तर नातं, नातं नसेल तर परतफेडीची आशा, तीही नसेल तर रुबाब दाखवणं. चूक ठरायला जागाच नाही. गूल्ड आणि लेवॉन्टिन यांनी 1979 मध्ये चर्चच्या कमानींचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं. दोन कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागेत सुंदर चित्रं असतात, म्हणून ती जागा चित्रांसाठी बांधली असं होत नाही. कमानी बांधल्या की ती आपोआप उरते. शरीरात आणि वागण्यातही अशी उरलेली जागा भरपूर असणार.

कडुलिंब

@तिरपा_किरण, आक्षेप अगदी योग्य आहे. माणसाच्या बाबतीत जे काही छापून येतं, त्यातल्या बऱ्याच भागाला तो लागूही पडतो. पण "चूक ठरायला जागाच नाही" हे मला मान्य नाही. वर वारूळ यांनी सांगितलेलं अंड्यांचं भाकीत सपशेल आपटू शकलं असतं.

आपल्या जवळचं उदाहरण देते, वानरांचं. धारवाडजवळ 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिलं, की बाहेरचा हुप्प्या टोळीचा ताबा घेतो तेव्हा अंगावर पिणारी पिल्लं मारली जातात. पुढे सारा हर्डी यांनी माउंट अबूला वानरांचा अभ्यास केला. गर्दीमुळे, माणसांच्या सहवासामुळे बिघडलेलं वर्तन, असं अनेकांचं मत होतं. हर्डींनी वेगळं स्पष्टीकरण दिलं. दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही आणि हुप्प्याची सत्ता फार काळ टिकत नाही. आधीच्या नराचं पिल्लू गेलं की ती लवकर माजावर येते.

हे ऐकताना अंगावर काटा येतो. मला पहिल्यांदा वाचताना पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. पण स्पष्टीकरण खरं असेल तर एक गोष्ट दिसायलाच हवी, ती म्हणजे मारणारा नर त्या पिल्लाचा बाप नसावा. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांवर हे डीएनएने तपासलं गेलं, 1999 मध्ये निष्कर्ष आले. हल्ला करणारे नर मेलेल्या पिल्लांचे बाप नव्हते. गर्दीने वेडा झालेला नर बापपण बघून हल्ला करेल का?

आणि हर्डींचं खरं योगदान मला पुढचं वाटतं. त्यांनी माद्यांकडे पाहिलं. माद्या एकजूट करून हुप्प्याला पिटाळतात. गाभण असतानाही नव्या नराशी जुगतात, म्हणजे बापपणाचा गोंधळ उडतो आणि पिल्लाला संरक्षण मिळतं. तोवरच्या वर्णनांत मादी म्हणजे बहुधा निमूट सोसणारी. इथे तीही डाव टाकते आहे.

दोनओळी

वाचतोय. हुप्प्याची गोष्ट झोप उडवणारी आहे. गटासाठी त्याग वगैरे असतो की नाही मग? ते उंदरासारखे लेमिंग समुद्रात उडी मारतात ना, संख्या जास्त झाली की?

वारूळ

@दोनओळी, लेमिंग सामूहिक आत्महत्या करत नाहीत. संख्या वाढली की ते स्थलांतर करतात, वाटेत नदी-तळी पोहतात, त्यात काही बुडतात, एवढंच. 1958 च्या एका माहितीपटात ते कड्यावरून उड्या मारताना दाखवले होते, ती दृश्यं माणसांनी घडवून आणलेली होती.

तुमच्या प्रश्नामागे मात्र मोठा वाद आहे. "जातीच्या भल्यासाठी प्राणी कमी पिल्लं घालतात" असं व्हिन-एडवर्ड्स यांनी 1962 मध्ये मांडलं. 1966 मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी ते धुऊन काढलं. त्याग करणाऱ्यांच्या गटात एक जरी फुकट्या शिरला, तर पुढच्या पिढीत फुकटेच वाढणार. कित्येक वर्षं गटनिवड हा शब्द उच्चारणंही जड झालं होतं. मग 2010 मध्ये नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी आप्तनिवडीचीच गरज नाही असा लेख 'नेचर'मध्ये लिहिला आणि पुढच्या वर्षी 137 शास्त्रज्ञांनी सह्या करून त्याला उत्तर दिलं. माझं मत असं, की नीट मांडली तर गटांची भाषा आणि नात्यांची भाषा बहुतेक वेळा एकाच हिशेबाच्या दोन मांडण्या आहेत.

शमी

मी गांधीलमाश्यांच्या पोळ्यांजवळ तासन्‌तास बसून नोंदी घेण्याचं काम काही वर्षं केलं आहे, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही.

इथे सगळा भर नात्यावर आहे, पण हॅमिल्टनच्या नियमात तीन गोष्टी आहेत. फायदा आणि तोटा मोजायला किचकट म्हणून सगळे नात्याच्याच मागे लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी 'रोपालिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं. हिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. कामकरी उडून जाऊन स्वतःचं पोळं करू शकते, राणीही होऊ शकते. राणी अनेक नरांशी जुगते आणि राण्या बदलत राहतात, त्यामुळे नातं त्या गाजलेल्या पाऊणच्या बरंच खाली येतं. तरीही बहुतेक जणी राहून राबतात. का?

एक उत्तर असं. एकटीने पोळं सुरू केलं आणि अळ्या मोठ्या व्हायच्या आत ती मेली, तर सगळं वाया. गटात ती अर्ध्यावर मेली तरी तिने भरवलेली अळी दुसरी कोणीतरी वाढवते. केलेल्या कष्टांचं काहीतरी फळ नक्की मिळतं.

आणि त्या पोळ्यावरचं एक दृश्य मी विसरणार नाही. राणी शांत असते, इतकी की नवख्याला ओळखू येत नाही. तिला काढून घेतलं की थोड्याच वेळात एक कामकरी अचानक आक्रमक होते, इतरांवर चाल करते. इतक्या जणींतून तीच का, हे आपल्याला आधी सांगता येत नाही. पण माश्यांना ते ठाऊक असावं असं दिसतं, कारण बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत. काही दिवसांत ती अंडी घालू लागते आणि पुन्हा शांत होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वहीत लिहायचंच राहून गेलं.

अबोली

मी विज्ञान शिकलेली नाही. रोज वाचते आहे आणि रोज काहीतरी लिहून खोडते आहे.

आम्ही आमची मुलगी दत्तक घेतली. ती आठ महिन्यांची होती, आता अकरा वर्षांची आहे. तुमच्या सूत्रात आमच्या दोघींच्या नात्याचं प्रमाण शून्य येतं, बरोबर? मी कुठेतरी वाचलं होतं की दत्तक मुलावरचं प्रेम म्हणजे उत्क्रांतीची "चूक", एका यंत्रणेचा निशाणा हुकला. तो शब्द माझ्या मनातून जात नाही. तिला ताप आला की मी रात्रभर जागते ते चुकून? मी भांडायला आलेले नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

कडुलिंब

अबोलीताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. उत्तर घाईने द्यायचं नव्हतं म्हणून दोन दिवस घेतले.

निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये सांगितलं की "हे वागणं का?" या एका प्रश्नात चार प्रश्न दडलेले असतात. आत्ता शरीरात काय घडतं म्हणून हे होतं? वाढीच्या काळात ते कसं घडत गेलं? पूर्वजांपासून ते कसं आलं? आणि टिकून राहण्यात त्याचा काय उपयोग झाला? हॅमिल्टनचं सूत्र फक्त शेवटच्या प्रश्नाचं आहे. तुम्ही रात्रभर का जागता, याचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत आहे. तुम्ही तिला कुशीत घेतलंत, भरवलंत, तिचं रडणं ओळखू लागलात. मन जनुकं वाचत नाही. कुणाच्याच आईचं मन वाचत नाही. ते सहवास वाचतं, आणि पोटच्या मुलावरचं प्रेमही त्याच वाटेने मुरतं.

याचा एक पुरावा अगदी वेगळ्या ठिकाणचा आहे. इस्रायलमधल्या किबुत्झ वस्त्यांत वेगवेगळ्या घरांतली मुलं लहानपणापासून एकत्र वाढायची. नात्याने परकी, लग्नाला आडकाठी नाही, तरी मोठेपणी ती एकमेकांशी लग्नं जवळजवळ करतच नसत. एडवर्ड वेस्टरमार्कने 1891 मध्येच म्हटलं होतं की भावंडपणाची भावना बालपणीच्या सहवासातून येते. म्हणजे "हे माझं माणूस" अशी खूण मनात उमटते ती सोबत वाढण्यातून.

आणि हे फक्त माणसांत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या ताई जंगलात चिंपांझींनी अनाथ पिल्लांना सांभाळल्याच्या 18 घटना नोंदल्या गेल्या. त्यात निम्मे सांभाळणारे नर होते आणि त्यांतला फक्त एक त्या पिल्लाचा बाप निघाला. नर चिंपांझी एरवी पिल्लांकडे फारसं लक्ष देत नाहीत.

"चूक" हा शब्द मला इथे चुकीचाच वाटतो. निवडीला हेतू नसतो, तिने कुठलाही निशाणा धरलेला नव्हता, मग तो हुकणार कसा? एखादी क्षमता ज्या कारणाने टिकली, त्याच कारणापुरती ती खरी, असा नियम कुठेही नाही. वाचन करण्यासाठी आपले डोळे उत्क्रांत झाले नाहीत. तरी आपण वाचतो ते खरंच वाचतो.

तिरपा_किरण

अबोलीताई, मी इथे आक्षेप घेणाऱ्यांतला आहे, तरी वरच्या उत्तरातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे.

कडुलिंब, सुरुवातीच्या दुसऱ्या वाक्याचं काय झालं? "पुरुषांच्या जनुकातच असतं" याचं? मला ते ऐकून ऐकून वीट आलाय.

कडुलिंब

हो, ते राहिलंच. त्या वाक्याचा एक मूळ स्रोत म्हणजे 1948 चा बेटमन यांचा फळमाश्यांवरचा प्रयोग. जास्त जोडीदार मिळाले तर नराची संतती वाढते, मादीची तेवढी वाढत नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यावरून पुष्कळ इमले चढले. 2012 मध्ये पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. पालक ओळखण्यासाठी वापरलेली उत्परिवर्तनं (जनुकांतले बदल) इतकी घातक होती, की दोन्हीकडून ती मिळालेली पिल्लं मोजणीआधीच मरत होती. म्हणजे मूळ मोजदादच कलती होती.

रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1972 मध्ये जास्त टिकाऊ गोष्ट सांगितली. नर की मादी हा प्रश्न गौण, पिल्लासाठी जास्त खर्च कोण करतं ते पाहा. जो जास्त खर्च करतो तो निवडक होतो, दुसरा स्पर्धा करतो. तळ्यावरचा कमळपक्षी बघा. अंडी नर उबवतो, पिल्लं नर सांभाळतो, आणि मादी आकाराने मोठी, एकामागून एक नरांशी जोड्या जमवणारी. तिच्याबद्दल "बायकांच्या जनुकातच असतं" असं म्हणायचं का? माणसात तर बापही मुलांसाठी वर्षानुवर्षं राबतो. सस्तन प्राण्यांत हे दुर्मीळ आहे.

आणि समजा एखादी प्रवृत्ती खरोखर जुनी निघाली, तरी तिने परवानगी मिळत नाही. हुप्प्याचं वागणं समजून घेतल्याने ते चांगलं ठरलं का?

दोनओळी

परक्यांना मदत करतो ती कुठल्या हिशेबात? रस्त्यात पडलेल्याला उचलणारा नातं विचारत नाही.

शमी

@दोनओळी, एक धागा परतफेडीचा. रक्त पिणाऱ्या वटवाघळाला लागोपाठ दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर ते मरतं. जेरल्ड विल्किन्सन यांनी 1984 मध्ये कोस्टारिकातली निरीक्षणं प्रसिद्ध केली. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला रक्त ओकून भरवतं. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की कोण कुणाला भरवेल हे रक्ताच्या नात्यापेक्षा "त्याने मला आधी भरवलं होतं का" यावरून जास्त चांगलं सांगता येतं.

माणसाला मात्र एवढं पुरत नाही, कारण आपण पुन्हा कधीच न भेटणाऱ्यालाही देतो. इथे संस्कृती येते. एका खेळात एकाला रक्कम देऊन दुसऱ्याबरोबर वाटायला सांगतात. दुसऱ्याने वाटणी नाकारली तर दोघांनाही काही मिळत नाही. जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी 15 छोट्या समाजांत हा खेळ खेळवला. पेरूतल्या माचिग्वेंगा लोकांनी सरासरी सुमारे पाव वाटा देऊ केला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात लोक होड्यांतून एकत्र देवमासे मारतात आणि शिकार काटेकोर वाटून घेतात. त्यांनी निम्म्याहून जास्त दिला. मेंदू तोच, पण जगण्याची रीत वेगळी. म्हणून "माणसाचा स्वभाव" असा एकवचनी शब्द ऐकला की मी सावध होते.

अबोली

कडुलिंब, तिरपा_किरण, दोघांचे आभार. खूप हलकं वाटलं. "मन जनुकं वाचत नाही" हे वाक्य मी मुलीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग आजीचं काय? आजी तर मला भरवतही नव्हती, ती नुसत्या गोष्टी सांगायची. तिला काय सांगू?

वारूळ

तिला ऑर्का देवमाशांबद्दल सांगा. बहुतेक प्राण्यांत मादी मरेपर्यंत पिल्लं घालू शकते. माणूस आणि दात असलेल्या देवमाशांच्या काही मोजक्या जाती वेगळ्या, त्यांच्यात पाळी किंवा प्रजनन थांबल्यावरही मादी अनेक वर्षं जगते. टांझानियातल्या हाडझा लोकांत क्रिस्टन हॉक्स यांना दिसलं की वयस्क बायका कंद खणून नातवंडांना खायला आणतात. त्यातून आजीची कल्पना पुढे आली, की आजी जगली तर नातवंडं जगतात. ऑर्कांत म्हाताऱ्या माद्या कळपाच्या पुढे पोहतात, आणि सालमन मासे कमी असलेल्या वर्षी तर जास्तच. अन्न कुठे असतं ते त्यांनी पूर्वी पाहिलेलं असतं. गोष्टी सांगणारी आजी यात चपखल बसते असं मला वाटतं.

शमी

सुंदर. पण तिला हेही सांगा की कोडं अजून सुटलेलं नाही. युगांडातल्या न्गोगो इथल्या चिंपांझींत, लघवीच्या नमुन्यांतली संप्रेरकं मोजून, 2023 मध्ये दाखवलं गेलं की तिथल्या माद्यांनाही रजोनिवृत्ती येते आणि काही त्यानंतर बरीच वर्षं जगतात. आणि चिंपांझींत मुली मोठ्या झाल्या की सहसा टोळी सोडून जातात. मुलांची पिल्लं कोणती, हे आजीला कळायला मार्ग नसतो. म्हणजे त्या म्हाताऱ्या चिंपांझी आज्या म्हणून नातवंडं सांभाळत नाहीत, तरीही जगतात.

अबोली

सांगितलं. ती म्हणाली, मग त्या दिवसभर काय करतात, कुणीतरी बसून बघायला हवं.